कथेतला बाप

बेकर प्रेअरी, मिनेसोटा
११ जानेवारी १९९३

सिग्ने नोकलबी यांस,

आपली ओळख नाही. मी इथल्या हायस्कूलमध्ये अकरावीच्या वर्गाला साहित्य शिकवते. तुमच्या कॉलेजच्या वार्षिकात सहा वर्षांपूर्वी आलेली तुमची ‘सात फूट खाली’ ही कथा मी दर हिवाळ्यात वर्गात घेते.

लघुकथा आणि कवितेचा भाग शिकवून संपला की मुलांनी लेखकाला पत्र लिहायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बहुतेक लेखक कधीच वारलेले असतात, त्यामुळे ती पत्रं माझ्या कपाटातच राहतात. तुम्ही तरुण आहात, आणि वार्षिकाच्या शेवटच्या पानावर तुमचा हॅमर लेकचा पत्ता आहे. म्हणून या वर्षी पहिल्यांदाच पत्रं खरोखर टपालात टाकते आहे.

सगळ्यात मोठा वाद बापावरून झाला. आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चाललेली असताना तो पानावरून उठतो आणि फुटलेली पाण्याची लाइन दुरुस्त करायला निघून जातो, हे मुलांना पचत नाही. रॉजर नावाचा मुलगा म्हणाला, “कामाचा माणूस आहे, जाणारच की.” त्यावर जनेल स्कार उसळली, “तुझी आई गेली तर तुझा बाप ट्रॅक्टर खोलून बसेल का रे?” रॉजर म्हणाला, “माझा बाप? बसेल. आणि पाना धरायला मलाही नेईल.” वर्ग हसला, जनेल हसली नाही.

मी फळ्यावर लिहिलं ते असं. बाप: सपाट पात्र, भावनाशून्य. बर्फ आणि पाणी: प्रतीकं. बापाचं मोजणं: पुनरुक्ती, कवितेतल्या ध्रुवपदासारखी. मी चुकत असेन तर जरूर कळवा.

सव्वीस पत्रं आहेत. सगळी वाचायला वेळ नसेल तर निदान जनेलचं वाचा.

आपली,
एव्हलिन ग्रूबर

(सोबतचं पत्र)

प्रिय सिग्ने नोकलबी,

तुमची कथा मला आवडली, तुमच्या कथेतला बाप आवडला नाही. रस्ता सात फूट खोल गोठतो असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं तो रस्ता म्हणजे तो बापच.

तो बर्फात उभा राहून जमिनीखालच्या व्हॉल्व्हची लांब दांड्याची चावी फिरवतो आणि नुसते आकडे म्हणतो. “सोळा, सतरा, अठरा.” मग चावी उलटी फिरवत पार मागे नेतो आणि पुन्हा “एक, दोन.” असं तीनदा. बायकोच्या अंत्यविधीच्या दिवशी माणूस यंत्रासारखा मोजतोय! संध्याकाळी घरी येतो, मुलगी स्वयंपाकघरात बसलेली असते, आणि दिवसभरात तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलतो तर, “पाणी सुरू झालं.” मुलगी म्हणते, “माहीत आहे.” तिथेच कथा संपते. मी असते तर किंचाळले असते.

माझा प्रश्न असा आहे की तुम्ही त्याला माफ केलंत का? ग्रूबरबाई म्हणतात, कथेतली मुलगी म्हणजे लेखिका नव्हे, तेव्हा असं विचारायचं नसतं. तरी मी विचारते.

जनेल स्कार


हॅमर लेक
२० जानेवारी १९९३

श्रीमती ग्रूबर यांस,

सिग्ने माझी मुलगी. ती ९ डिसेंबरला मिनियापोलिसमध्ये वारली. मेंदूत रक्तस्राव झाला. वय एकतीस होतं. तुम्हाला हे कळायला काही मार्ग नव्हता, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पाकीट तिच्या नावाचं होतं, तरी मी उघडलं. सव्वीसही पत्रं वाचली. दोन दिवस लागले.

मी इथल्या पाणीपुरवठ्यावर एकतीस वर्षं होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. साहित्यातलं मला कळत नाही. त्यामुळे जे ठाऊक आहे तेवढंच कळवतो. जानेवारी १९७८मध्ये, माझ्या पत्नीच्या, आस्ट्रिडच्या अंत्यविधीच्या दिवशी, एल्म स्ट्रीटवरची सहा इंची बिडाची लाइन दुपारी एकच्या सुमाराला फुटली. प्रतीक वगैरे नव्हती. त्या थंडीत पाइप फुटतात. वृद्धाश्रम त्याच लाइनवर होता. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे तेव्हा नकाशात धड नव्हतं, मला माहीत होतं. म्हणून मी गेलो.

ही कथा मी वाचलेली नाही. सिग्नेनं एकदा फोनवर सांगितलं होतं, “बाबा, माझी एक गोष्ट छापून आलीये.” मी “छान” म्हणालो आणि गाडीला हिवाळ्याचे टायर बसवलेस का, असं विचारलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. तिच्या सामानात ते वार्षिक सापडलं नाही. तुमच्याकडची प्रत उतरवून पाठवता आली तर आभारी होईन.

जनेल स्कार हिला सांगा की तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.

हॅल्व्हर नोकलबी


बेकर प्रेअरी
२८ जानेवारी १९९३

श्री. नोकलबी यांस,

तुमचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत उभ्यानं उघडलं आणि मग खुर्ची ओढून बसले. माझ्या हातून जे झालं त्याची क्षमा कशी मागायची, मला कळत नाही. “बहुतेक लेखक वारलेले असतात” असं मी थट्टेनं लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलं असणार.

वर्गाला सांगितलं. जनेल वही मिटून बाहेर गेली आणि तास संपेपर्यंत परतली नाही. मी तिला बोलावलं नाही.

कथेची झेरॉक्स सोबत आहे. नऊ पानं आहेत. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. खोडायला गेले तर शाई पुसट व्हायला लागली, म्हणून तशाच ठेवल्या. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

एव्हलिन ग्रूबर


हॅमर लेक
१६ फेब्रुवारी १९९३

श्रीमती ग्रूबर यांस,

कथा मिळाली. चार वेळा वाचली. पेन्सिलीच्या खुणांकडे लक्ष देऊ नका म्हणालात, पण तिसऱ्या पानावर बापाच्या शेजारी तुम्ही “भावनाशून्य” लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

माझी अडचण सांगतो, म्हणजे मी का विचारतो आहे ते कळेल. आमच्याकडे जमीन गोठली की दफन होत नाही. डिसेंबरात गेलेली माणसं दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात जमीन मोकळी झाली की पुरतात. आस्ट्रिडच्या वेळीही तसंच होतं. सिग्ने सध्या तिथे आहे. मे महिन्यात दोन शब्द बोलावे लागतील. आस्ट्रिडच्या वेळी मी बोललो नव्हतो, चर्चमध्येही नाही आणि मे महिन्यात कबरीपाशीही नाही. माझी बहीण बोर्गहिल्ड याच गावात राहते. ती म्हणते, “हॅल्व्हर, या वेळी पाद्र्याच्या मागे लपायचं नाही हं. मुलीचं लिहिलेलं काहीतरी वाच. नाहीतर मी वाचेन आणि माझं तर तुला माहीत आहे, मी अर्ध्यात भोकाड पसरेन.”

सिग्नेचं छापलेलं एवढंच आहे. आणि त्यात मी असा आहे.

तुम्ही शिकलेल्या आहात, हे काम वर्षानुवर्षं करता आहात. तुम्ही स्पष्ट सांगा. तो बाप मी आहे का? आणि तिच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, हे या नऊ पानांवरून सांगता येतं का? तिच्या मनात अढी असेल तर तिच्या कबरीपाशी उभं राहून बोलायचा मला अधिकार नाही. पाद्री बोलेल.

हॅल्व्हर नोकलबी


बेकर प्रेअरी
२५ फेब्रुवारी १९९३

श्री. नोकलबी यांस,

तुम्ही स्पष्ट विचारलंत, तसंच सांगायचा प्रयत्न करते.

कथेत “मी” म्हणून बोलणाऱ्या मुलीला आम्ही निवेदक म्हणतो. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. लेखक खऱ्या गोष्टी घेतो, त्यातल्या काही टाकतो, काही वाढवतो. बापही तसाच रचलेला असतो. त्याचा कोट तुमचा असेल, रस्ता तुमचा असेल, पण तो तुम्ही नव्हे. म्हणून कथेवरून लेखिकेच्या मनातलं सांगता येतं का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर “नाही” असंच आहे.

हा नियम मी बावीस वर्षं सांगत आले. कोरडा वाटतो खरा, पण तुमच्यासाठी त्यात थोडा दिलासा आहे असं मला वाटतं. मुलांनी ज्याला निष्ठुर म्हटलं तो कागदावरचा माणूस आहे.

एव्हलिन ग्रूबर


हॅमर लेक
९ मार्च १९९३

श्रीमती ग्रूबर यांस,

नियम समजला. पण मग रचलेलं त्यातलं काय, ते मला सापडत नाही. रस्ता खरा आहे. भिजून बर्फ झालेली सुटाची विजार खरी आहे. “पाणी सुरू झालं” हे मी म्हणालो होतो आणि “माहीत आहे” हे ती म्हणाली होती, याच शब्दांत. पंधरा वर्षांत एकदाही आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. मला वाटायचं ती विसरली.

कागदावरचा माणूस आणि मी यात मला फरक दिसला नाही.

पाद्र्याला सांगितलं आहे की मे महिन्यात त्यानंच बोलावं. बोर्गहिल्ड रागावली. “तू माणूस आहेस की नळाचा खांब?” म्हणाली.

तुम्ही त्रास घेतलात, आभारी आहे. आता उत्तर पाठवायची गरज नाही.

हॅल्व्हर नोकलबी


बेकर प्रेअरी
२२ मार्च १९९३

श्री. नोकलबी यांस,

मी जनेल स्कार. बाईंना न सांगता लिहिते आहे. पत्ता पाकिटावरून घेतला होता.

मी तुमच्याबद्दल जे लिहिलं त्याबद्दल सॉरी. तो बाप खरा माणूस असेल, आणि तोच माझं पत्र उघडेल, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी आई म्हणाली, “माफी मागायची तर नीट माग, कारणं देत बसू नकोस.” म्हणून कारणं देत नाही.

पण एक विचारू का? मला वार्षिक निबंध याच कथेवर लिहायचा आहे आणि एका जागी मी अडकले. दुसऱ्या पानावर मुलगी चर्चच्या तळघरात खिडकीशी उभी आहे. ती तिथून हलली असं कथेत कुठेच नाही. तिसऱ्या पानावर मात्र ती बाप काय करतो ते सगळं सांगते. व्हॉल्व्हवरचा बर्फ त्यानं बुटाच्या टाचेनं फोडला. चावी इतर व्हॉल्व्हपेक्षा उलट्या बाजूला फिरवली. आणि तो पुटपुटत आकडे मोजत होता. हे तिला तळघरातून कसं दिसेल? पुटपुटणं कसं ऐकू येईल? आमच्या पुस्तकात याला दृष्टिकोनाची चूक म्हणतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, लेखिकेनं कल्पनेनं भरलं असेल, तेवढं स्वातंत्र्य असतं. रॉजर म्हणाला, “तिच्या डोळ्यांना दुर्बीण असेल.” त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

तुम्ही तिथे होतात. चर्चमधून एल्म स्ट्रीट दिसते का? निबंधात चूक म्हणून लिहायच्या आधी मला खात्री करायची आहे. या वेळी मला चुकायचं नाहीये.

उत्तर नाही दिलंत तरी मी समजून घेईन.

जनेल


हॅमर लेक
१८ एप्रिल १९९३

जनेल,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. चर्चमधून एल्म स्ट्रीट दिसत नाही, हे मी तुला त्याच दिवशी लिहू शकलो असतो. पण तू खात्री करायची आहे म्हणालीस, म्हणून तळघरात जाऊन आलो. बायका ईस्टरच्या जेवणाची भांडी लावत होत्या. बोर्गहिल्डनं विचारलं, “काय हवंय तुला?” मी म्हणालो, “खिडकी बघायची आहे.” “गळते का?” “नाही.” “मग?” खिडक्या जमिनीलगत आहेत आणि दक्षिणेकडे उघडतात. गाड्या उभ्या करायची जागा दिसते, आणि हिवाळ्यात तिथे बाजूला सारलेल्या बर्फाचा ढीग असतो, म्हणजे तीही दिसत नाही. एल्म स्ट्रीट उत्तरेला, चार चौक पलीकडे.

मग घरी येऊन तिसरं पान पुन्हा वाचलं. या वेळी पाण्याच्या कामाचा माणूस म्हणून वाचलं. आधी मी बाप म्हणून वाचत होतो.

त्या चौकातला व्हॉल्व्ह उलटा आहे. गावातले बाकी सगळे उजवीकडे फिरवले की बंद होतात, तो एकटा डावीकडे. हे मला आणि माझ्या हाताखालच्या ड्वेनला माहीत होतं. ड्वेन त्या वेळी दोन चौक पलीकडच्या व्हॉल्व्हवर होता. माझ्याजवळ कुणी नव्हतं, असं मी पंधरा वर्षं समजत होतो. ही गोष्ट कुणाला कल्पनेनं सुचणार नाही. ती तिथे येऊन उभी होती. जेवणातून उठून, चर्चच्या बुटांत, चार चौक चालत. तुझ्या पुस्तकात जिला चूक म्हणतात, ती इथे चूक नाही. ती आली होती एवढंच तिनं लिहिलं नाही.

आता मोजण्याचं सांगतो. तुमच्या वर्गात त्याचा अर्थ वेगळा लावला गेला आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. जमिनीखालचा व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसत नाही. तो पूर्ण बंद झाला की मध्येच गंजात अडकला, हे फक्त आट्यांवरून, म्हणजे चावीच्या फेऱ्यांवरून कळतं. सहा इंची व्हॉल्व्हला एकवीस आटे. एकवीस भरले तर बंद. म्हणून मोजायचंच, आणि तोंडानं मोजायचं. मोजणी चुकली तर अंदाज करायचा नाही. चावी पार मागे न्यायची आणि एकपासून सुरू करायचं. दुसरा उपाय नाही.

कथेतला बाप अठरापर्यंत येतो आणि मागे जातो. यंत्र असतं तर ते मागे गेलं नसतं. तो चुकला, म्हणून मागे गेला. तीनदा चुकला. रस्त्यावर पाणी वाहत होतं, वृद्धाश्रमाच्या टाकीत तासाभराचं पाणी उरलं होतं, आणि मला अठराच्या पुढचा आकडा आठवत नव्हता. एकतीस वर्षांत मी तेवढ्याच एका दिवशी चुकलो. ड्वेनला सांगितलं की व्हॉल्व्ह अडकला होता.

हे सिग्नेला कळलं असेल का, असं तू विचारशील. ती चौदा आणि पंधरा वर्षांची असताना दोन उन्हाळे माझ्याबरोबर कामाला होती. उन्हाळ्यात गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडायचा असतो, म्हणजे तो गंजून अडकत नाही. चावी तिच्यापेक्षा उंच होती. तिला मोजायला मी शिकवलं. ती गप्पा मारता मारता चुकायची आणि मी म्हणायचो, “मागे जा, एकपासून.” ती चिडायची. “बाबा, तुम्ही कधी चुकला नाहीत का?” मी म्हणालो होतो, “अजून तरी नाही.”

तेव्हा तिनं “अठरा” आणि मग “एक” असं तीनदा लिहिलं, ते काय लिहिते आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. अश्रू वगैरे शब्द तिनं वापरले नाहीत. मला ते आवडले नसते, हेही तिला ठाऊक होतं.

आणखी एक आहे. ते कथेत नाही. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडून बसली होती. बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, चर्चच्या तळघरात गारठा असतो. मी “पाणी सुरू झालं” म्हणालो. ती म्हणाली, “माहीत आहे.” एवढी वर्षं मला वाटत होतं की ते मला दूर लोटणारं उत्तर होतं. पाणी सुरू होईपर्यंत ती तिथे उभी होती. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिनं मला हाक का मारली नाही ते मी सांगू शकत नाही. बहुधा तिला वाटलं असेल की मला एकट्याला चुकू द्यावं.

तू मला विचारलं नसतंस तर मी तळघरात गेलो नसतो. माफी मागायची तुला गरज नव्हती. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

हॅल्व्हर नोकलबी

हे पत्र बाईंना दाखवलंस तरी चालेल. लपवून लिहिलंस ते मात्र कबूल कर.


बेकर प्रेअरी
२७ एप्रिल १९९३

श्री. नोकलबी यांस,

उत्तर पाठवू नका म्हणाला होतात, तरी लिहिते.

जनेलनं कबूल केलं आणि तुमचं पत्र माझ्या हातात दिलं. ते तिनं वर्गात वाचून दाखवलं. तुमच्या परवानगीत हे बसत नव्हतं, तो निर्णय माझा. वाचून झाल्यावर रॉजर म्हणाला, “म्हणजे बाई, आपण सगळे नापास.” मी म्हणाले, “मी सगळ्यात आधी.” मुलांना वाटलं मी हसवते आहे.

बावीस वर्षांपैकी सहा वर्षं मी त्या मोजण्याला ध्रुवपद म्हणत आले. शब्दांचं वजन बघितलं, ते शब्द कुठल्या हातातून येतात ते बघितलं नाही. पाण्याच्या कामावरच्या एखाद्या माणसाला एक फोन केला असता तर कळलं असतं. मुलांना मी नेहमी सांगते की अर्थ पानावरच शोधा. तो पानावरच होता, मला वाचता आला नाही.

माझा नियम मी अजून सोडलेला नाही. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. तुमच्या मुलीच्या मनात काय होतं ते मी आजही सांगू शकणार नाही, आणि खोटं सांगून तुम्हाला बरं वाटावं अशी तुमची अपेक्षा नाही हे मला कळलं आहे. पण कथेबद्दल मी सांगू शकते, ते माझं काम आहे. ही कथा बापाला दोष देत नाही. कुणीही बघत नाही असं वाटत असताना एका माणसाचा धीर सुटतो, आणि त्याच्यावर माया असलेलं कुणीतरी ते बघतं आणि त्याची अब्रू राखतं, असं या कथेचं आशयसूत्र आहे. आता असंच शिकवीन.

मे महिन्याबद्दल मी काही सुचवणार नाही. बोर्गहिल्डताई त्याला समर्थ आहेत असं दिसतं.

एव्हलिन ग्रूबर


हॅमर लेक
१२ मे १९९३

श्रीमती ग्रूबर आणि जनेल,

दोघींना एकच पत्र लिहितो आहे.

दफन शनिवारी सकाळी झालं. आदल्या आठवड्यात ऊन पडलं होतं, खणणाऱ्यांना त्रास झाला नाही. चाळीसेक माणसं होती. मिनियापोलिसहून तिच्या कचेरीतली चौघं आली होती. त्यांना आमच्याकडची थंडी माहीत नव्हती, पातळ कोट घालून आली होती. बोर्गहिल्डनं त्यांना गाडीतल्या घोंगड्या दिल्या.

पाद्र्याला मी शुक्रवारी सांगितलं की आधी मी बोलेन. तो म्हणाला, “नक्की ना?” मी म्हणालो, “नाही, पण बोलेन.”

मी कथेची पानं घेऊन गेलो होतो. पहिली दोन वाचली. मागून बोर्गहिल्ड ओरडली, “मोठ्यानं, हॅल्व्हर! इथे काही ऐकू येत नाहीये.” मग मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या पानावर आलो आणि पुढे वाचवेना. पानं घडी करून खिशात ठेवली. पाद्री पुढे व्हायला लागला, त्याला हातानं थांबवलं, आणि उरलेलं मी तोंडी सांगितलं. मी तीनदा चुकलो, का चुकलो, आणि ते एकटीनं पाहून तिनं कुणाला सांगितलं नाही, हे सांगितलं. आस्ट्रिडचं नावही घेतलं. गावात तिचं नाव मी मोठ्यानं घेतलेलं कुणी ऐकलं नसेल.

ड्वेन पहिल्या रांगेत होता. तो मध्येच म्हणाला, “म्हणजे व्हॉल्व्ह अडकला नव्हता? अहो, पंधरा वर्षं मी त्या व्हॉल्व्हला शिव्या घालतोय! दोनदा खोलून तेल घातलंय त्याला!” लोक हसले. कबरीपाशी हसू नये असं म्हणतात. मला ते चाललं. सिग्नेही हसली असती.

त्यानंतर मी तिच्याशी थोडं बोललो. ते लोकांसाठी नव्हतं, म्हणून इथे लिहीत नाही.

नंतर तळघरात जेवण होतं. मी शेवटपर्यंत बसलो. लोक येऊन शेजारी बसायचे, काही सांगायचे, मी ऐकायचो. म्हाताऱ्या मिसेस एंगेनं सांगितलं की १९७८मध्ये ती वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होती आणि त्या दिवशी पाणी आल्यावर तिनं पहिल्यांदा कॉफी ठेवली होती. हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

जनेल, निबंधाला किती गुण मिळाले ते कळव. आणि तू मला जो प्रश्न पहिल्या पत्रात विचारला होतास, त्याचं उत्तर मला अजून माहीत नाही. बाईंचं बरोबर आहे, ते कुणालाच कळणार नाही. पण आता ते न कळताही मला राहता येतं.

ग्रूबरबाई, पुढच्या वर्षी ही कथा जरूर घ्या. मुलांना बापाबद्दल काय वाटेल ते म्हणू द्या. कुणी निष्ठुर म्हणालं तर लगेच थांबवू नका. सिग्नेनं त्याला त्या दिवसापुरतं लिहिलं आहे, आणि त्या दिवशी तो घरी येऊन एवढंच बोलला, हे खरंच आहे. कुणी विचारलं की पुढे त्याचं काय झालं, तर सांगा की ते कथेत नाही, पण झालं आहे. आठ मेच्या सकाळी, चाळीस माणसांसमोर, तो बोलला.

हॅल्व्हर नोकलबी